घरफाळ्याचं पत्र आणि पुराची सूचना : वर्तनशास्त्रातलं गावात नेमकं काय चालतं?

चावडी_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या ग्रामपंचायतीच्या कामासाठी विचारतोय. गावात साधारण १,२०० मिळकती आहेत. ३० सप्टेंबरपर्यंत घरफाळा भरला तर ५ टक्के सवलत मिळते, तरी तोवर जेमतेम चाळीस टक्के घरं भरतात. मार्चअखेर आकडा सत्तरच्या आसपास जातो, बाकीचं थकबाकीत. वसुलीला एक क्लार्क आणि एक शिपाई, बास.

येत्या मासिक सभेत तीन सूचना येणार आहेत. एक, "गावातील ६० टक्के खातेदारांनी अद्याप फाळा भरलेला नाही, ही खेदाची बाब आहे" असं छापलेली नोटीस घरोघरी वाटायची. दोन, चौकात थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स लावायचा. तीन, उशिराचा दंड काटेकोर लावायचा.

दुसरा विषय पुराचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की दवंडी दिली जाते, ग्रुपवर मेसेज जातो. तरी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गल्लीत पाणी येईपर्यंत बरीच घरं हलत नाहीत.

इंग्लंडमध्ये पत्रातलं एक वाक्य बदलून कर वसूल झाला असं वाचलंय. आपल्याकडे ते कसं लावायचं, किती फरक धरायचा आणि फरक खरंच पत्रामुळे पडला हे कसं ओळखायचं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

बिंदू_चौक

दादा, नोटिशीतलं ते ६० टक्क्यांचं वाक्य आधी काढून टाका. ते वाचून न भरणाऱ्याला लाज वाटत नाही, उलट सोबत मिळते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. तिथं झाडांचे दगड झालेले तुकडे पर्यटक उचलून नेतात. खुणा केलेले तुकडे वाटांवर ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावल्या. "आजवर अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं" अशा अर्थाच्या पाटीपाशी ७.९२ टक्के तुकडे गेले. "कृपया नेऊ नका" एवढंच सांगणाऱ्या पाटीपाशी १.६७ टक्के. तुमचा फ्लेक्सही पहिल्या पाटीचंच काम करेल. शंभर नावांची यादी वाचणारा माणूस त्यात गावातली दोन-चार वजनदार नावं शोधतो, आणि "हेच भरत नाहीत तर मी कशाला" असं म्हणून पुढं जातो. शिवाय निम्म्या मिळकती अजून आजोबांच्या नावावर असतात. वारलेल्या माणसाचं नाव चौकात लागलं की फाळा राहतो बाजूला आणि भांडण सुरू होतं.

इंग्लंडचा प्रयोग असा होता : ब्रिटनच्या करखात्याने, २०१० साली तिथल्या सरकारने नेमलेल्या बिहेवियरल इनसाइट्स टीम या वर्तनशास्त्राच्या पथकाच्या साथीने, एक लाखावर करदात्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून वेगवेगळी पत्रं पाठवली. सगळ्यात चांगलं चाललं ते "दहापैकी नऊ लोक कर वेळेवर भरतात, अजून न भरलेल्या अगदी थोड्या लोकांत आपण आहात" हे वाक्य. नेहमीच्या पत्रापेक्षा ५.१ टक्केबिंदू जास्त भरणा. (१०० पैकी ३० भरत होते ते ३५ झाले तर पाच टक्केबिंदू.) पण ते वाक्य तिथं खरं होतं. तुमच्या गावात सप्टेंबरचा आकडा वापरला तर खोटं बोलावं लागेल, आणि गावात खोटा आकडा दोन दिवसांत उघडा पडतो. मार्चअखेरचा आकडा मात्र खराही आहे आणि बहुमताचाही आहे : दहापैकी सात. तोच घ्या. एखाद्या गल्लीत दहापैकी नऊ घरं भरत असतील तर त्या गल्लीपुरतं "नऊ" लिहा.

सगळी भिस्त त्या एका वाक्यावर ठेवू नका. अर्जेंटिनातल्या हुनीन नगरपालिकेने मालमत्ता कराच्या बिलावर तीन तऱ्हेचे संदेश छापून पाहिले. दंड किती आणि नगरपालिका काय कारवाई करू शकते हे स्पष्ट लिहिलेल्या गटात भरणा साधारण ५ टक्केबिंदूंनी वाढला. "तुमच्या करातून रस्त्यावर दिवे लागले" आणि "बाकीचे वेळेवर भरतात" या दोन्हींचा सरासरीत ठळक परिणाम दिसला नाही. म्हणून कारवाईची ओळही हवी; धमकीची भाषा नको, पुढची पायरी सरळ सांगायची.

नमुना म्हणून हे घ्या. एका पानात बसतं, अक्षर मोठं ठेवा :

*श्री./श्रीमती ______, मिळकत क्र. ______*
*यंदाचा घरफाळा : १,४८० रुपये*
*३० सप्टेंबरपर्यंत भरल्यास : १,४०६ रुपये. आपले ७४ रुपये वाचतील.*
*कुठे : दूध संस्थेच्या आवारात, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ६ ते ८. पावती जागेवर.*
*आपल्या गावात दहापैकी सात घरं त्या-त्या वर्षाचा फाळा त्याच वर्षात भरतात. आपला फाळा अजून जमा झालेला नाही.*
*३१ मार्चपर्यंत न भरल्यास नियमाप्रमाणे मागणीची नोटीस निघेल. त्यानंतर जप्तीची कारवाई होऊ शकते.*
*मी दि. ______ रोजी ______ वाजता फाळा भरणार आहे. (हा भाग कापून घरात लावा.)*

रक्कम सगळ्यात वर आणि रुपयांत. "५ टक्के सूट" वाचून कुणी हिशोब करत बसत नाही, ७४ रुपये दिसतात. सवलत चालू वर्षाच्या मागणीवर मिळते, थकबाकीवर नाही. म्हणून थकबाकी वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर काउंटरवर वाद होतो. मुळात पत्रात घरागणिक खरा आकडा छापायचा. नमुना ९ (कर मागणीची नोंदवही) वरून एक्सेलमध्ये यादी केली की मेल-मर्जने एका दुपारचं काम आहे. "आपली देय रक्कम त्वरित भरावी" असं मोघम पत्र पाठवणार असाल तर कागद वाया घालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडेच लोक दुर्लक्ष करतात. पत्र लिहायच्या आधी फाळा भरायची वाट एकदा स्वतः चालून बघा. कार्यालय सकाळी दहाला उघडतं, तेव्हा माणूस रानात असतो. किती भरायचे हे विचारायलाच एक हेलपाटा होतो. क्लार्क तालुक्याला गेलेला असतो. क्यूआर कोडवर पैसे जातात पण नमुना १० ची पावती आठ दिवसांनी मिळते, मग पुढच्या वर्षी "थकबाकी" म्हणून तेच बिल पुन्हा येतं. वारसनोंद नसलेल्या घरात तिघे भाऊ एकमेकांकडे बोट दाखवतात. यातले दोन खोडे काढले तर जो फरक पडेल तो कुठल्याही वाक्याने पडणार नाही. दूध घालायच्या वेळेला संस्थेच्या दारात टेबल टाकणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

दंडाबद्दल : नियमाप्रमाणे लागतो तो लावाच, पण पत्राचा मथळा दंडाचा करू नका. इस्रायलमधल्या हैफात दहा पाळणाघरांत प्रयोग झाला होता. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी १० शेकेल दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला. दंड काढून घेतला तरी तो खाली आला नाही. उशीर म्हणजे आता पैसे टाकून घ्यायची सोय झाली होती. दंड किरकोळ असेल तर माणूस त्याला व्याज समजतो आणि निवांत बसतो.

बक्षीस ठेवायचं असेल तर छोटं आणि हातोहात मिळणारं ठेवा. मराठवाड्यातल्या पाटोदा गावाने फाळा भरणाऱ्याला दळण मोफत ही योजना चालवली ती याच जातीची. उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दर लसीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. नुसतं लसीकरण शिबिर भरवलेल्या गावांत १८ टक्के मुलं पूर्ण लसवंत झाली, शिबिर आणि डाळ दोन्ही असलेल्या गावांत ३९ टक्के, आणि जिथं काहीच केलं नव्हतं तिथं ६ टक्के. शिबिरानेच आकडा सहावरून अठरावर गेला हेही ध्यानात घ्या; आधी सोय, मग डाळ.

चावडी_करवीर

बिंदू_चौक, फार उपयोगी. पत्राचा नमुना तसाच सभेपुढं ठेवतो. एक शंका : घराच्या वाढीव बांधकामाची स्वयंघोषणा घेतो, त्या फॉर्मवर सही तळाला न घेता वर घेतली की लोक खरं लिहितात असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. करायचं का? आणि दोन पत्रांची तुलना कशी करायची, तेही सांगा.

आकडेमोड

सहीचं सोडून द्या. तो २०१२ चा शोधनिबंध होता. २०२० मध्ये त्याच लेखकांनी इतरांसह मोठ्या नमुन्यावर पुन्हा करून पाहिला तर परिणाम दिसला नाही. पुढं त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचं पुढं आलं आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर तो अजून फिरतोय. फॉर्म आहे तसा राहू द्या, फक्त चौरस फूट कसे मोजायचे त्याची छोटी आकृती टाका. बऱ्याच चुका लबाडीच्या नसतात, मापाच्या असतात.

आता किती फरक धरायचा. डेलाविग्ना आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेत सरकारांसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या नज पथकांच्या (नज म्हणजे सक्ती न करता वागणं बदलणारा छोटा बदल) सगळ्या म्हणजे १२६ चाचण्या एकत्र केल्या, २ कोटी ३० लाख लोक. सरासरी परिणाम १.४ टक्केबिंदू. विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत तोच आकडा ८.७ होता. या तफावतीचं मोठं कारण म्हणजे चाललेले प्रयोग छापले जातात आणि न चाललेले कपाटात राहतात. त्यामुळे सभेत "पत्र बदललं की वसुली दहा टक्के वाढेल" असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. १.४ वाईट नाही, कारण पत्र तसंही छापणारच आहात. पण ते मोजणं अवघड आहे, आणि तुमच्या गावाची अडचण तिथंच आहे.

समजा ऑक्टोबरात ७२० घरं बाकी आहेत. ३६० ना जुनं पत्र, ३६० ना नवं. ४५ दिवसांत एरवी ३० टक्के भरतात असं धरू. एवढ्या नमुन्यात ९ ते १० टक्केबिंदूंपेक्षा लहान फरक असला तर तो खरा की योगायोग, हे खात्रीनं सांगता येत नाही. ५ टक्केबिंदूंचा फरक पकडायला दर गटात सुमारे १,४०० घरं हवीत. १.४ चा पकडायला सुमारे १७,०००. म्हणजे तुमच्यासारखी चार गावं एकत्र आली तर पाचाचा फरक मोजता येईल. तालुक्याच्या बैठकीत शेजारच्या तीन ग्रामपंचायतींना तयार करता आलं तर बघा, तेवढ्यासाठी खटपट करणं योग्य आहे. एकट्या गावाने करायचं असेल तर वाक्या-वाक्याची तुलना करू नका. ज्याचा फरक मोठा असायची शक्यता आहे तीच गोष्ट तपासा, उदाहरणार्थ दूध संस्थेतलं टेबल किंवा घरभेट.

कृती अशी. यादीत एक घर म्हणजे एक मिळकत न धरता एक कुटुंब धरा. एका कुटुंबाच्या तीन मिळकती वेगवेगळ्या गटांत गेल्या तर एकाच स्वयंपाकघरात दोन तऱ्हेची पत्रं पोचतात आणि तुलना बिघडते. एक्सेलमध्ये रँड फंक्शनने प्रत्येक कुटुंबाला आकडा द्या, लगेच ते आकडे "पेस्ट व्हॅल्यूज" करून गोठवा (नाहीतर प्रत्येक क्लिकला बदलतात), मग क्रमाने लावून वरची निम्मी एका गटात, खालची निम्मी दुसऱ्या. चार गावं असतील तर हे प्रत्येक गावात स्वतंत्र करा. घर क्रमांक सम-विषम असे गट पाडू नका. रस्त्याची एक बाजू एका गटात जाते, आणि पुढच्या बाजूला दुकानं, मागच्या बाजूला जुनी घरं असा फरक आधीपासूनच असतो.

शेजारी एकमेकांची पत्रं बघतील म्हणून अख्खी गल्ली एका गटात टाकावी, असं वाटेल. त्याची किंमत मोठी आहे. एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी वागतात. गल्लीत २० घरं आणि त्यांच्या वागण्यातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी सारखं) ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी नमुना जवळपास निम्मा झाल्यासारखा होतो. ३६० घरांचं वजन १८५ घरांएवढं उरतं. पत्राच्या मजकुरासाठी कुटुंबवार गट पाडा. टेबल, कॅम्प अशा सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी मात्र गल्लीवार किंवा गाववारच करावं लागेल.

सुरुवातीलाच एका कागदावर लिहून सरपंचांची सही घ्या : कोणत्या तारखेपासून ४५ दिवस, काय मोजणार (नमुना १० च्या पावतीची तारीख, पूर्ण रक्कम की अर्धीही चालेल), आणि किती फरक पडला तर पद्धत बदलणार. निकाल हातात आल्यावर "तीस दिवसांत बघितलं तर फरक दिसतो" असं शोधत बसणं हीच चूक सगळीकडे होते. ज्यांना पत्र पोचलंच नाही तेही आपापल्या गटात मोजायचे. त्यांना वगळलं तर घरी सापडणारी, म्हणजे आधीच भरायला सोपी माणसं दोन्हीकडे उरतात आणि मोजमाप गावाचं राहत नाही. कुणाला कोणतं पत्र गेलं ते वसुली क्लार्कला सांगू नका. न कळत तो नव्या पत्रवाल्यांना जास्त फोन करतो.

मळीची_जमीन

शिरोळकडून लिहितोय. वरच्या दोघांनी मजकूर आणि मोजमाप सांगितलं, मी वेळेबद्दल बोलतो, कारण ऊसपट्ट्यात ती सगळ्यात जड.

३० सप्टेंबर ही तारीख आपल्या घरच्या पैशाच्या हिशोबात बसत नाही. तेव्हा ऊस रानात उभा असतो. खताची उधारी झालेली, मुलांच्या फीया गेलेल्या, गणपती नुकतेच झालेले. कारखाने सुरू होतात दिवाळीच्या आसपास आणि ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळायला हवं. म्हणजे हातात रक्कम येते डिसेंबर ते एप्रिल. सवलत मात्र त्याआधीच संपलेली असते.

तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर मणी, मुल्लईनाथन, शफीर आणि झाओ यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. त्याच माणसाची विचारशक्तीची चाचणी तोडणीआधी घेतली तर गुण कमी, बिल हातात आल्यावर घेतली तर जास्त. त्यातल्या आकडेमोडीवर आक्षेपही घेतले गेले, पण पैशाची ओढाताण असताना माणूस पुढच्या महिन्याचं ७४ रुपयांचं गणित करत नाही, ही गोष्ट शेतावर काम करणाऱ्याला पटवून द्यावी लागत नाही. केनियात डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी खताबाबत हेच पाहिलं. पीक विकून पैसे हातात असताना "आत्ता पैसे भर, खत घरपोच मोफत" म्हटलं तर खतवापर वाढला. घरपोचची तीच सवलत खत टाकायच्या दिवसांत दिली तर तेवढं जमलं नाही.

आपल्याकडे यावर उत्तर आहे ते दूध संस्थेत. दहा दिवसांचं बिल, म्हणजे महिन्याला तीन. एप्रिल ते सप्टेंबर अठरा बिलं होतात. १,४०६ रुपयांचे अठरा भाग : सतरा बिलांतून ७८ रुपये आणि शेवटच्या बिलातून ८०. सवलतही मिळते आणि सप्टेंबरात एकदम रक्कम काढावी लागत नाही. पण कपात लेखी संमतीशिवाय करायची नाही. "सगळ्यांची कापू, नको असेल त्याने येऊन सांगावं" ही पद्धत कागदावर कितीही परिणामकारक दिसली तरी दुधाचे पैसे हे बाईच्या हातातले घरखर्चाचे पैसे असतात, त्याला विचारल्याशिवाय हात लावणं चुकीचं आहे. मार्चमध्ये फॉर्म द्यायचा, त्यावर "हो, कपात करा" आणि "नको, मी स्वतः भरेन" असे दोन चौकोन, दोन्ही रिकामे, कुठल्याही एकावर खूण केल्याशिवाय फॉर्म घ्यायचा नाही. निवड करायला लावायची, निवड आपण करायची नाही. आणि थांबवायचं असेल तर सचिवाला तोंडी सांगितलं तरी पुढच्या बिलापासून बंद.

यात अडतं ते इथं. दूध खातं सुनेच्या नावावर, मिळकत सासऱ्याच्या. फॉर्मवर दोघांच्या सह्या आणि मिळकत क्रमांक घ्या. म्हैस आटली की बिल दीड-दोनशेवर येतं, तेव्हा कपात त्रासाची होते. म्हणून "बिल ५०० च्या खाली असेल तर कपात नाही" असा नियम आधीच छापा. पशुखाद्य आणि कर्जाचे हप्ते संस्था आधी कापते, फाळ्याचा नंबर त्यानंतर लावा. आणि संस्थेने जमा केलेली रक्कम त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या खात्यात गेली पाहिजे, नावनिशी यादीसह. हे एकदा लांबलं की गावभर "कापले पण भरले नाहीत" होतं आणि योजना तिथंच मरते.

ज्यांच्याकडं जनावर नाही त्यांच्यासाठी बचत गटातून महिन्याला तेवढीच रक्कम बाजूला काढता येते. तिथंही नियम तेच.

पूररेषा

पुराच्या प्रश्नावर लिहिते. तिथं चूक झाली तर जीव जातो, म्हणून जरा सविस्तर.

सूचना ऐकून लोक लगेच उठत नाहीत यात आडमुठेपणा नसतो. आपत्तीच्या सूचनांवर मिलेटी आणि सोरेन्सन यांनी दाखवून दिलंय की सूचना ऐकल्यावर माणूस आधी खात्री करतो : शेजाऱ्याला विचारतो, नदीवर जाऊन बघतो, पाव्हण्याला फोन लावतो. हा वेळ जाणारच. सूचनेत जेवढं मोघम असेल तेवढा तो लांबतो. "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" किंवा "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" यात बातमी आहे, पण मी आता काय करू याचं उत्तर नाही. चांगल्या सूचनेत पाच गोष्टी असतात : कोण सांगतंय, काय येतंय, नेमकं कुठं, किती वाजेपर्यंत, आणि काय करायचं.

बंधाऱ्यावरचे फूट घराच्या भाषेत आणा. "४१ फूट" म्हणजे माझ्या गल्लीत काय, हे बहुतेकांना सांगता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेले जाणते लोक गावात आहेत. त्यांना बसवून तक्ता करा : बंधाऱ्यावर अमुक फूट असताना कोणत्या ओढ्यावरून पाणी रस्त्यावर येतं, गावातून बाहेर पडायचा रस्ता कधी बंद होतो, कोणती गल्ली पहिली जाते. सगळ्यात महत्त्वाचा आकडा घरात पाणी शिरायचा नाही, रस्ता बंद व्हायचा आहे. तो आधी येतो, आणि लोक नेमके त्यात फसतात. प्रत्येक गावाचा तक्ता वेगळा. वरच्या अंगाला चिखली-आंबेवाडीकडे राजाराम बंधाऱ्याची पातळी उपयोगी पडते. शिरोळात कृष्णेचंही पाणी असतं, तिथं राजापूर बंधारा आणि नृसिंहवाडीची पातळी धरावी लागते. शेजारच्या गावाचा तक्ता उचलू नका.

जुनी खूण दगा देते. २००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं म्हणून २०१९ ला बरेच जण घरात बसून राहिले, आणि २०१९ चं पाणी त्या खुणेच्या वर गेलं. माणसाचं मन आठवणीतल्या सगळ्यात मोठ्या पुराला शेवटचा पूर समजतं. म्हणून खांबावर खूण करताना २०१९ ची रेघ मारून थांबू नका, तिच्या वर अजून दोन फुटांची रेघ मारा आणि तिथं लिहा, "इथवर येऊ शकतं."

तिसरा मुद्दा जनावरांचा, आणि माझ्या मते अर्धं उत्तर इथंच आहे. आपल्या भागात माणूस घरासाठी थांबत नाही, गोठ्यासाठी थांबतो. दुभत्या म्हशीला दिवसाला २० ते २५ किलो ओली वैरण, ५-६ किलो वाळकी आणि भरपूर पाणी लागतं. निवाऱ्यात माणसांची जेवणाची सोय आणि जनावरांना फक्त मोकळं मैदान असेल तर घरातला एक माणूस मागे राहणारच, किंवा रात्री परत जाणार. म्हणून सूचनेत माणसांच्या आधी जनावरांची जागा लिहा, ट्रॉली कुणाची आणि किती वाजता ते लिहा, आणि दूध संस्थेची गाडी त्या जागी दोन वेळा दूध न्यायला येईल हेही लिहा. दूध संकलन थांबलं की माणूस परततो.

चौथं, ठरवायचं काम मे महिन्यात उरका. अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूची लस घ्यायची तारीख आणि वेळ कर्मचाऱ्यांना नुसती स्वतःच्या हाताने लिहायला लावली, तर लस घेणारे ४.२ टक्केबिंदूंनी वाढले. त्यांना काही पाठवायचं नव्हतं, कुणी तपासणारही नव्हतं. तेच इथं करा. प्रत्येक घरात एक कार्ड, घरातल्या माणसाच्याच हाताने भरलेलं :

*पाणी ______ फुटांवर आलं की आम्ही निघणार.*
*जनावरं ______ ठिकाणी, ______ च्या ट्रॉलीतून.*
*म्हातारी माणसं आणि लहान मुलं ______ यांच्याकडे, आदल्या दिवशी.*
*रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक, औषधं : ______ या पिशवीत.*
*गॅस आणि मेन स्विच बंद करणार : ______*

पहिल्या ओळीतला आकडा तुमच्या तक्त्यातला रस्ता बंद व्हायच्या दोन फूट आधीचा असू द्या. "धोका पातळीला" असं नुसतं लिहू नका. काही गावांत ४३ च्या आतच वाट बंद होते.

ग्रुपवरचा मेसेज मग असा जातो : "ग्रामपंचायत, दुपारी २. राजाराम बंधारा ३९ फूट, पाणी वाढतंय. ओढ्याच्या पलीकडच्या ४० घरांनी आज संध्याकाळी ६ पर्यंत निघायचं. रात्री रस्ता बंद होऊ शकतो. ट्रॉल्या ४ वाजता मारुती मंदिरापाशी. जनावरं हायस्कूलच्या मैदानात, वैरण तिथं आहे. पहिली बारा घरं निघाली." शेवटचं वाक्य खरं असेल तरच टाका, आणि आकडा वाढेल तसा दर तासाला बदला. त्याच घरांना फोनही करा, कारण ज्यांच्याकडं साधा फोन आहे ते बहुतेक म्हातारी जोडपी असतात.

पाणी आलं नाही तर? ते वर्षही येणार, आणि पुढच्या वेळी लोक म्हणणार "मागच्या वेळी उगाच हलवलं." दुसऱ्याच दिवशी कारण सांगा : कुठं पाऊस थांबला, पातळी किती इंचांनी कमी पडली. कारण कळलं तर लोक पुढचा इशारा मानतात. गप्प बसलात तर विश्वास उडतो.

चावडी_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डांचं काम आशाताई आणि बचत गटांना घेऊन करतो. शेवटचं विचारतो : फाळ्याची पत्रं शिपायाने हाताने वाटायची की पोस्टाने? आणि हाताने वाटली तर चाचणीत गडबड होईल का?

आकडेमोड

हाताने. पोस्टाने गेलेलं पत्र पडवीत पडतं. पण दोन्ही गटांना हातानेच आणि त्याच दिवसांत जायला हवं, कारण शिपाई दारात येऊन उभा राहणं हाच मोठा परिणाम आहे. एका गटाला पोस्ट आणि दुसऱ्याला शिपाई दिलात तर तुम्ही शिपाई मोजाल, पत्र नाही. पाकिटं बंद, बाहेरून सारखी दिसणारी, वरच्या कोपऱ्यात फक्त क्रमांक. वाटपाचा क्रम गल्लीच्या क्रमाने, गटाच्या नाही. शिपायाला तीनच रकाने द्या : पोचलं, घरी कुणी नव्हतं, घेतलं नाही. घरी कुणी नव्हतं तिथं एकदाच परत जायचं, दुसऱ्यांदा सकाळी सातच्या आत, धारा काढायच्या वेळेला. आणि वाटप शनिवारी संपवा, म्हणजे सोमवारी संध्याकाळी दूध संस्थेतल्या टेबलावर पहिली गर्दी होईल. त्या दिवशी सुट्टे पैसे आणि पावतीपुस्तकं जादा ठेवा.